घड्याळाने बहाल केलेल्या कॅलरी खाव्यात का?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे, उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. गेल्या वर्षी वजन ७८ किलो होते; खाण्यापिण्याची नोंद ठेवून चार किलो उतरवले. काम बैठे आहे, पण रोज सकाळी चार किलोमीटर चालते आणि दिवसभरातही बरीच ये-जा होते. फिटनेस घड्याळ गेल्या वर्षीच घेतले होते. तीन महिन्यांपूर्वी ते आहाराच्या ॲपला जोडले. आठवड्याला पाव किलो उतरावे म्हणून ॲपने मला रोज १४५८ कॅलरींचे लक्ष्य दिले आहे आणि घड्याळ जोडल्यापासून त्यात ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून रोज सरासरी ४१७ कॅलरींची भर पडते. त्या मी बहुतेक खाते. माझ्या नोंदींची सरासरी दिवसाला १८५० येते. मात्र पहिल्या आठवड्याची वजनाची सरासरी ७४.४ होती आणि बाराव्या आठवड्याची ७४.० आहे. शिवाय हा आकडा मला समजत नाही. सुरुवातीला सकाळी उठल्याबरोबर तो उणे ८५-९० दिसायचा, म्हणून मी उणे ॲडजस्टमेंटची सोय बंद केली. रात्री जेवण उरकल्यावर तो पुन्हा ५०-६० ने उतरतो, तेव्हा मी अकरा वाजता घरातल्या घरात फेऱ्या मारते. एक मैत्रीण म्हणते, ‘ॲपमध्ये स्वतःला सक्रिय म्हणून नोंदव’. दुसरी म्हणते, ‘घड्याळाच्या कॅलरींना हातच लावू नकोस’. कोणाचे ऐकू?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातले दोन साप्ताहिक सरासरीचे आकडे. बहुतेक पत्रांत ‘वजन हलतच नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि मग उत्तर देणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागते. तुम्ही बारा आठवडे वजन आणि खाणे दोन्ही नोंदवले आहे. त्यामुळे तुमच्यासाठी योग्य आकडा काढणे हा साध्या भागाकाराचा प्रश्न आहे आणि तो भागाकार मी पुढे करणार आहे. आधी एवढेच सांगते की दोन्ही मैत्रिणी चुकतात. पहिली जास्त, दुसरी थोडी कमी.

ॲपने १४५८ हा आकडा आणला कुठून ते पाहू. असली बहुतेक ॲप विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने काढतात. किलोग्रॅममधल्या वजनाला १० ने गुणायचे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने, वयाला ५ ने. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरे वजा करायचे आणि स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा करायचे. तुमच्या बाबतीत ७४० अधिक १०१२.५, त्यातून २०५ आणि १६१ गेले की उरतात सुमारे १३८७ कॅलरी. काही न करता नुसते पडून राहिलात तरी दिवसाला लागणारी ही ऊर्जा. तुम्ही ॲपमध्ये ‘कमी हालचाल’ हा पर्याय निवडलेला असणार, कारण १३८७ ला १.२५ ने गुणले की १७३३ येतात आणि त्यातून आठवड्याला पाव किलो उतरवण्यासाठी रोजची २७५ ची तूट वजा केली की बरोबर १४५८ उरतात. म्हणजे ॲपच्या मते तुमचा दिवसाचा खर्च १७३३ आहे, आणि हे मत त्याने तुम्हाला एकदाही चालताना न पाहता बनवले आहे.

घड्याळाचे मत वेगळे आहे. तेही तुमचे वय, उंची, वजन घेऊन विश्रांतीचा खर्च अंदाजानेच ठरवते, पण त्यावर दिवसभरातली हालचाल आणि नाडीचे ठोके पाहून भर घालत जाते आणि मध्यरात्रीपर्यंत २१५० वर पोचते. दोन मतांमधला फरक ४१७ आणि ॲडजस्टमेंट म्हणतात ती एवढीच. ती व्यायामाची मजुरी नव्हे. तुमच्या चालण्याचा हिशेब त्यात आहे, पण तसाच ॲपने सुरुवातीला धरलेला अंदाज किती आखूड होता याचा आणि घड्याळाचा अंदाज किती सैल होता याचाही हिशेब त्यात मिसळलेला आहे. स्क्रीनवर मात्र हे तिन्ही एकाच हिरव्या आकड्यात दिसतात आणि त्याच्या मागे अधिकचे चिन्ह असल्यामुळे माणसाला तो पगारासारखा वाटतो. ही मांडणी ज्यांनी केली त्यांच्यावर माझा जुना राग आहे.

हे एकदा ध्यानात आले की पहाटेच्या उणे आकड्याचे गूढ उरत नाही. ॲप १७३३ कॅलरी चोवीस तासांवर सारख्या पसरवते, म्हणजे तासाला सुमारे ७२. घड्याळाला मात्र तुम्ही झोपलेल्या दिसता, म्हणून ते फक्त विश्रांतीचा खर्च धरते. तो तासाला सुमारे ५८ होतो. दर तासाला चौदा-साडेचौदा कॅलरींचा फरक पडला की मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत तो ८५-९० च्या घरात जातो. तुम्ही झोपेत काही गमावलेले नसते. दिवसाच्या सरासरीची तुलना रात्रीशी केली म्हणून ते उणे दिसते. रात्री आठनंतर बसून राहिल्यावरही हेच घडते. चार तास, दर तासाला चौदा-साडेचौदा, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत ५०-६० ची उतरण ठरलेली. ॲप दिवसाच्या कोणत्याही क्षणी असे धरून चालते की उरलेले तास तुम्ही त्याच्या सरासरी वेगाने कॅलरी खर्च कराल. म्हणून संध्याकाळी सातला दिसणारा आकडा हा अर्धा हिशेब आणि अर्धे भाकीत असतो, आणि ज्या दिवशी त्या भाकितावर विसंबून रात्रीचे जेवण वाढवून घेतले जाते त्या दिवशी झोपताना लक्ष्य ओलांडलेले दिसायचेच.

आता घड्याळाच्या २१५० वर किती भरवसा ठेवावा? मनगटावरचे उपकरण कॅलरी मोजत नाही, हे मुळात समजून घ्यायला हवे. त्यात हालचाल टिपणारा एक संवेदक असतो आणि त्वचेवर हिरवा प्रकाश पाडून रक्ताच्या लहरी पाहणारा दुसरा. पहिल्यावरून पावले कळतात, दुसऱ्यावरून नाडीचे ठोके. कॅलरी ही या दोहोंवरून काढलेली अटकळ असते आणि ती काढण्याचे सूत्र प्रत्येक कंपनी स्वतःपाशीच ठेवते. नाडी आणि ऊर्जा यांचे नाते दमदार व्यायामात बऱ्यापैकी सरळ असते, पण इतर वेळी ते सैल होते. उकाड्यात, तापात, काळजीत, कॅफिन घेतल्यावर नाडी वाढते, तरी त्या प्रमाणात ऊर्जा खर्च होत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांची नाडी खाली राहते आणि खर्च कमी दिसतो. वजने उचलताना मूठ आवळली जाते आणि मनगटावरचे वाचन बिघडते. पट्टा सैल असेल तर संवेदक कधी कधी नाडीऐवजी पावलांचाच ताल पकडतो. कपड्यांच्या घड्या घालताना बसल्या जागी पावले वाढतात आणि सामानाची ट्रॉली ढकलताना हात स्थिर असल्यामुळे खरी पावले हरवतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे साठ स्वयंसेवकांवर तपासली. श्वासातल्या वायूंवरून काढलेला खर्च हा त्यांचा मापदंड होता. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. उपकरणे तेव्हापासून बदलली आहेत, पण नाडी थेट टिपता येते आणि कॅलरीची अटकळ बांधावी लागते, ही मूळ अडचण बदललेली नाही. मी स्वतः एकदा दोन वेगवेगळ्या बनावटींची घड्याळे दोन्ही मनगटांवर बांधून आठवडाभर वावरले होते. पावले जवळपास जुळली; कॅलरी एकाही दिवशी जुळल्या नाहीत, आणि दोन्ही घड्याळे सारख्याच आत्मविश्वासाने आपापला आकडा दाखवत होती.

तुमचे सकाळचे चालणे जवळून पाहू. चार किलोमीटर, तासाला पाच किलोमीटरचा वेग धरला तर ४८ मिनिटे. व्यायामशास्त्रात ‘मेट’ नावाचे एक माप वापरतात. एक मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा खर्च, साधारणपणे दर किलो वजनामागे तासाला एक कॅलरी. या वेगाने सपाटीवर चालणे सुमारे साडेतीन मेटचे धरतात. ७४ किलो, ०.८ तास आणि ३.५ यांचा गुणाकार सुमारे २०७ येतो. व्यायामाच्या नोंदीत तुम्हाला असाच काही आकडा दिसत असेल. पण त्या ४८ मिनिटांत तुम्ही बसून राहिला असतात तरी ॲपने ५८ कॅलरी धरल्याच होत्या आणि त्या तुमच्या १४५८ च्या लक्ष्यात आधीच समाविष्ट आहेत. चालल्यामुळे अधिक झाला तो खर्च फक्त दीडशेचा. ज्या ॲपना घड्याळ जोडलेले नसते आणि ज्यांत व्यायाम हाताने भरला जातो, त्यांत ही ५८ कॅलरींची दुहेरी मोजणी सर्रास होते. घड्याळ जोडलेले असताना पूर्ण दिवसाची तुलना पूर्ण दिवसाशी होते म्हणून ती टळते, पण एका अटीवर : तेच चालणे तुम्ही पुन्हा ॲपमध्ये हाताने भरता कामा नये. काही ॲप हाताने भरलेल्या नोंदीच्या वेळेपुरते घड्याळाचे वाचन बाजूला ठेवतात, परंतु सुरुवातीची वेळ तासाभराने चुकली तर ती तुमच्या बसण्याचा तास बाजूला ठेवतील आणि चालणे दोनदा मोजतील.

आता तो भागाकार. बारा आठवड्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या सरासरीत ७७ दिवसांचे अंतर आहे आणि त्यात ४०० ग्रॅम वजन उतरले. शरीरातल्या एका किलो मेदासाठी सुमारे ७७०० कॅलरी हा ढोबळ दर धरतात. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी पौंडामागे ३५०० चा हिशेब मांडला, त्याचेच हे किलोतले रूप आहे. दीर्घ काळाच्या भाकितासाठी हा दर फार आशावादी ठरतो, कारण वजन उतरत गेले की खर्चही उतरतो. मात्र घडून गेलेल्या तीन महिन्यांकडे मागे वळून पाहण्यासाठी तो पुरेसा आहे. ४०० ग्रॅमच्या ३०८० कॅलरी, भागिले ७७, म्हणजे दिवसाला ४० ची तूट. तुम्ही रोज १८५० खाल्ल्या, तूट ४० ची पडली, तेव्हा तुमचा खरा खर्च सुमारे १८९० ठरतो. ॲप म्हणत होते १७३३, घड्याळ म्हणत होते २१५०. खरे उत्तर दोहोंच्या मध्ये, ॲपच्या बाजूला कललेले निघाले.

यावरून घड्याळ रद्दी ठरवण्याची घाई मात्र करू नका. त्याने १८९० ऐवजी २१५० सांगितले, म्हणजे सुमारे १४ टक्के जास्त. स्टॅनफर्डच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले तर तुमचे घड्याळ चांगलेच शहाणे आहे. अडचण अशी आहे की तुमचे उद्दिष्ट दिवसाला २७५ कॅलरींच्या तुटीचे होते आणि घड्याळाची चूक २६० कॅलरींची. चूक एकूण खर्चाच्या मानाने लहान, पण तुटीच्या मानाने जवळजवळ तिच्याएवढीच. ज्यांना वजन हळूहळू, सोसेल अशा बेताने उतरवायचे आहे, त्यांची तूट मुळातच लहान असते आणि म्हणूनच घड्याळाची साधीशी चूकही ती अख्खी गिळून टाकते. बारा आठवडे तुमच्या हातून शिस्तीत कुठे कसूर झालेली नाही. तुमची शिस्त चुकीच्या आकड्याला बांधली गेली होती.

येथे एक शंका रास्त आहे. १८५० हा आकडा तरी खरा कशावरून? आपण खातो त्याहून कमी नोंदवतो हे वारंवार दिसून आले आहे. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आहार कमी करूनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे आणि ५१ टक्के जास्त हालचाल नोंदवली होती. ते लोक खोटे बोलत होते असा त्याचा अर्थ नाही. चव पाहण्यासाठी तोंडात टाकलेला घास, डोळ्याच्या अंदाजाने ओतलेले तेल, दुसऱ्याच्या ताटातले उरलेले, हे कोणाच्याच वहीत उतरत नाही. तुमच्याही नोंदीत शंभरेक कॅलरी निसटत असतील. तसे असेल तर तुमचा खरा खर्च १८९० नसून १९९० असेल. पण या पद्धतीची गंमत अशी की त्याने काही बिघडत नाही. निसटणारे शंभर जोपर्यंत दररोज निसटत राहतात, तोपर्यंत नोंदीतल्या १८९० वर वजन स्थिर राहते आणि त्याहून २७५ कमी, म्हणजे नोंदीतल्या १६१५ वर उतरते. तुम्हाला लागणारा आकडा निसर्गातला खर्च नसून तुमच्या वहीच्या भाषेतला खर्च आहे. म्हणूनच आता अचानक फार काटेकोर व्हायचे ठरवून सगळे तोलून नोंदवू लागलात, तर हा आकडा पुन्हा नव्याने काढावा लागेल, एवढे लक्षात असू द्या.

तेव्हा माझा सल्ला असा : ॲडजस्टमेंट बंद करा, घड्याळ ॲपपासून तोडा आणि १८९० मधून २७५ वजा करून येणाऱ्या १६१५ कॅलरी हे रोजचे ठरावीक लक्ष्य हाताने भरा. तुमचे चालणे त्यात आलेच आहे, कारण १८९० हा आकडा तुम्ही चालत असतानाच्या बारा आठवड्यांतून काढला आहे. चालण्यासाठी वेगळे काही मिळणार नाही आणि एखाद्या दिवशी चालणे चुकले तर वेगळे काही कापलेही जाणार नाही. तुमचे दिवस एकमेकांसारखे आहेत असे पत्रावरून दिसते आणि अशा माणसाला ठरावीक आकडाच सुखाचा पडतो. ज्यांचे दिवस फार विषम असतात, म्हणजे पाच दिवस खुर्चीत आणि दोन दिवस डोंगरावर, त्यांनी घड्याळ जोडलेले ठेवून ॲडजस्टमेंटचा ठरावीक हिस्साच खावा. तुमच्या बाबतीत तो हिस्सा निघतो ४१७ पैकी १५७, म्हणजे चाळीस टक्क्यांहून थोडा कमी. ‘अर्ध्याच खाव्यात’ असा जो नियम सगळीकडे ऐकू येतो, तो सुरुवातीपुरता ठीक आहे. पण तुमच्यापाशी स्वतःच्या शरीराचा दाखला असताना उसना नियम कशाला?

पहिल्या मैत्रिणीचा सल्ला तुमच्या सेटिंगमध्ये विशेष अपायकारक ठरला असता. उणे ॲडजस्टमेंट चालू असेल तर ‘कमी हालचाल’ निवडा की ‘सक्रिय’, दिवसअखेरचे लक्ष्य तेच राहते, कारण सुरुवात वर गेली की भर तेवढीच कमी होते. समजा ‘सक्रिय’चा गुणक १.४ आहे, मग ॲपचा अंदाज १९४२, मूळ लक्ष्य १६६७ आणि भर २०८, बेरीज पुन्हा १८७५. पण तुम्ही उणे बाजू बंद केली आहे. आजारपणात किंवा पावसाने घरात अडकल्यावर घड्याळाने दिवसाचा खर्च १६५० दाखवला, तर खरे म्हणजे २९२ कापले जायला हवेत; ते कापले जाणार नाहीत आणि लक्ष्य १६६७ वरच राहील. खर्च १६५०, खाण्याची मुभा १६६७! पारड्याची एकच बाजू चढू द्यायची आणि दुसरी बांधून ठेवायची, असा हा प्रकार आहे.

दुसऱ्या मैत्रिणीचे म्हणणे, की ॲडजस्टमेंटला हात लावायचाच नाही, तुम्हाला रोज १४५८ वर नेऊन ठेवते. खर्च १८९० असताना ती ४३२ ची तूट झाली. काही आठवडे तुम्ही ती निभावून न्याल, वजनही पटापट उतरेल. मात्र पाव किलोचे ठरवून चारशे ग्रॅमच्या वेगाने जाताना भूक वाढते, थकवा येतो आणि शनिवार-रविवारी सगळे एकदम सुटते, असा अनुभव अनेकांचा आहे. जे लांब पल्ल्याचे धावतात किंवा तासन्‌तास सायकल चालवतात, त्यांनी तर हा सल्ला अजिबात मानू नये, कारण त्यांच्या व्यायामाचा खर्च खरोखर मोठा असतो आणि तो भरून न काढल्यास पाळीपासून हाडांपर्यंत सगळ्यावर परिणाम होतो.

हालचाल वाढली की एकूण खर्च तेवढाच वाढतो, हे ॲपचे गृहीतकही तितके पक्के नाही. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा खर्च मोजून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. ते दिवसभर पायपीट करतात. तरीही शरीराच्या आकाराचा विचार करता त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या लोकांइतकाच भरला. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे काटकसर करते, असे त्यांचे म्हणणे आहे. शरीर ती किती करते यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण घड्याळाच्या सूत्राला या काटकसरीचा पत्ताच नसतो. चालणे मात्र सोडू नका. हृदय, रक्तशर्करा, झोप आणि उतरलेले वजन टिकवणे यांसाठी त्याचे मोल वेगळे आहे.

एक बारीकशी तपासणी आजच करा. घड्याळाच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये वजन किती आहे? ते तुम्ही ७८ किलोंच्या असताना घेतले आणि ॲपमधले वजन बदलले तरी घड्याळातले आपोआप बदलतेच असे नाही. मिफ्लिनच्या सूत्रात दर किलोमागे १० कॅलरी असतात. चार किलोंच्या ४० आणि त्यावर हालचालीचा गुणक लागून रोज पन्नासेक कॅलरी एवढ्या एका विसराळूपणाने वाढतात. घड्याळ कोणत्या हातावर बांधता तेही तिथे खरे भरा. कामाच्या हातावर बांधून दुसरा हात नोंदवला तर पावले फुगतात.

नव्या आकड्यावर चार आठवडे राहा आणि तोवर त्याला हात लावू नका. वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी करा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवरच घ्या. मीठ जास्त झाले, एखाद्या दिवशी पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले, व्यायामाने स्नायू दुखावले, की शरीर पाणी धरून ठेवते आणि काटा रातोरात किलोभर वर जातो. पाळीच्या आधीही हे होते, म्हणून तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. चार आठवड्यांनी एक किलोच्या आसपास उतरले असेल तर आकडा बरोबर आहे. पाऊण किलोहून कमी उतरले तर ७५ कॅलरी कमी करा, सव्वा किलोहून जास्त उतरले तर तेवढ्याच वाढवा. आणखी दोन-तीन किलो उतरले की हा सगळा भागाकार पुन्हा करावा लागेल, कारण हलक्या शरीराचा खर्चही हलका असतो. मधुमेहाची औषधे, थायरॉइडचा विकार किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल, तर यातले काहीही बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

राहता राहिल्या रात्रीच्या फेऱ्या. पत्रातले ते वाक्य मी दोनदा वाचले. त्या वेळी उतरणाऱ्या ५०-६० कॅलरी कशा येतात ते आता तुम्हाला ठाऊक आहे. त्या तुमच्या आळसाच्या नाहीत, सरासरी आणि विश्रांती यांच्या वजाबाकीच्या आहेत. घरातल्या घरात त्या भरून काढायच्या तर वीस मिनिटे फिरावे लागते आणि झोप तेवढी मागे पडते. आकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, किंवा तो उणे दिसला की दुसऱ्या दिवशीचे जेवण टाळावेसे वाटते, असे जर होऊ लागले असेल, तर ते मोकळेपणाने डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही आणि पूर्वी कधी खाण्याशी झगडा झाला असेल तर जरूर सांगा. नाहीतर जेवणानंतर घड्याळ सरळ मनगटावरून काढून चार्जिंगला लावत जा. अंगावर नसताना ते फक्त विश्रांतीचा खर्च धरील, आणि तुम्ही त्या वेळी निवांत बसलेल्या असाल तर दिवसभरात त्याचा तेवढाच हिशेब अगदी बरोबर असेल.